देव उजव्या हाताला

कुंभकोणमच्या स्टेशनापासून माझी बँक चालत पंधरा मिनिटांवर होती. अण्णांच्या रिक्षाने पाऊण तास लागायचा. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर मी बॅगा उचलून चालत सुटले असते, आणि आयुष्यातली सगळ्यात मजेची तीन वर्षं तिथल्या तिथे हुकली असती.

प्रमोशन घेतलं म्हणून बँकेने मला रत्नागिरीहून उचलून थेट तामिळनाडूत नेऊन टाकलं होतं. नवरा आणि मुलगी रत्नागिरीत, मी एकटी इकडे. स्टेशनाबाहेर बॅगेवर बसून मी नवऱ्याला फोनवर ऐकवत होते, की भाषेचा पत्ता नाही, ऊन भाजून काढतंय, माझं इथे काही खरं नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर्व होईल कीं, बाई. कोठें जावयाचें?"

मी दचकून वळले. साठी उलटलेला एक किडकिडीत माणूस, अंगात खाकी शर्ट, कपाळावर गंधाची उभी रेघ. 'भ'चा उच्चार 'ब'च्या जवळ जाणारा, पण शब्द सगळे मराठी.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"आम्ही मराठे. तीनशें वर्षें झालीं येऊन," ते म्हणाले. मग माझ्या बॅगांकडे बघून, "तुम्ही जरा उशीर केलांत."

बॅगा चढल्या, रिक्षा सुटली, ती बँकेच्या बरोबर उलट दिशेला. मी मोबाइलवर नकाशा उघडून बसले होते. नकाशातला निळा ठिपका एका देवळाला वळसा घालून दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्याला वळसा घालून पुन्हा पहिल्याच्या मागे आला. मला वाटलं, परकी बाई बघून हा मला फिरवतोय. बँकेसमोर उतरल्यावर मी भांडायच्या तयारीने भाडं विचारलं, तर त्यांनी सरळ रस्त्याचं सांगितलं.

भानगड अशी होती. कुंभकोणमात पावलोपावली देऊळ, आणि मोठ्या देवळाच्या चारी बाजूंनी चार रस्ते. या रस्त्यांवर अण्णा फक्त प्रदक्षिणेच्या दिशेने रिक्षा घालायचे. देव कायम उजव्या हाताला राहिला पाहिजे. जायचं ठिकाण उलट दिशेला वीस पावलांवर का असेना, ते देवळाच्या उरलेल्या तीन बाजू फिरून तिथे पोचणार. घाईची माणसं त्यांच्या रिक्षात बसतच नसत. बसायचे ते नवखे, म्हातारे आणि मी.

पहिले काही दिवस मी त्यांना रत्नागिरीच्या सवयीने काका म्हणायची. चौथ्या दिवशी ते रिक्षा थांबवून म्हणाले, "बाई, येथें काका म्हणजे कावळा. तुम्ही भर बाजारांत मज कावळा म्हणून हाक मारतां, लोक पाहतात." तेव्हापासून अण्णा. अण्णा दोन्हीकडे चालतं.

रिक्षा त्यांनी निवृत्तीनंतर घेतलेली. आधी पस्तीस वर्षं ते बसवर कंडक्टर होते. बस ड्रायव्हरच्या मर्जीने वळणार, आणि ड्रायव्हरला देव डावा की उजवा याचं काही नाही. पस्तीस वर्षं या माणसाने खांबाला धरून, मनातल्या मनात देवाची माफी मागत प्रवास केला. निवृत्त झाल्याच्या आठवड्यातच रिक्षा दारात आणून उभी केली. त्यांच्या बायकोने मला हे कपाळाला हात लावून सांगितलं. "बाहेर कोठें जावयाचें तर मी चालत जातें," असंही ती म्हणाली.

कारण विचारावं तर दर वेळी नवं. मला त्यांनी सांगितलं, डावीकडे वळलं की मानेत उसण भरते. नागपूरच्या एका जोडप्याला सांगितलं, आईचा नवस आहे. एका फ्रेंच बाईला सांगितलं, या इंजिनाची उजवी बाजू दणकट आहे, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. पुढे चांगली ओळख झाल्यावर मी त्यांना कोंडीत पकडलं, की खरं काय ते सांगा. ते जरा ओशाळले.

"आधीं सवय लागली, बाई. कारण तुम्ही लोक विचारतां. विचारणाऱ्यास रिकाम्या हातीं कसें पाठवावें?"

रविवारी त्यांची खास फेरी असे. पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी पाटी आरशाला लटकायची, आणि दोन-तीन पाहुणे मागे बसले की अण्णांच्या अंगात यायचं. तोंड मागे, रिक्षा पुढे. बोलणं तमिळ, इंग्रजी आणि मराठीची भेसळ, पण समजायचं सगळ्यांना. दारासुरमला शिल्पांसमोर पाच मिनिटं, आणि मागच्या गल्लीतल्या विणकराच्या मागापाशी तासभर. नाचियार्कोविलला समई ओतणाऱ्याकडे नेऊन ते पाहुण्यांना समईवर टिचकी मारायला लावत आणि नाद संपेपर्यंत सगळ्यांना गप्प बसवत. कोणी मध्ये खोकला तर पुन्हा टिचकी. मरुदानल्लूरला भजन ऐकायला नेत आणि परत येताना मराठी अभंग तमिळ उच्चारात इतक्या जोरात म्हणत, की रस्त्यावरच्या बकऱ्या बाजूला होत.

मला हे सगळं आवडत होतं, तरी माझी एक रड होतीच. गाव सपाट! जिथे बघावं तिथे भातशेती, नजरेला अडायला काही नाही. रत्नागिरीत घरातून बाहेर पडलं की एक तर चढ नाही तर उतार, आणि कुठल्याही वळणावर खाली समुद्र. एका रविवारी मी बोलून गेले, "तुमच्या गावात सगळं आहे हो अण्णा, पण डोंगर नाही आणि समुद्र नाही."

ते एकदम गंभीर झाले. "कोणीं सांगितलें?" म्हणाले, आणि दुसरे पाहुणे नसताना खास माझ्यासाठी रिक्षा काढली.

आधी डोंगर. स्वामिमलैला देवळासाठी माणसांनी रचलेली एक टेकडी आहे, वर जायला साठ पायऱ्या. मी म्हटलं, "अहो, ही तर बांधलेली आहे." "मग तुमचा कोणीं बांधला तें तरी ठाऊक आहे काय? आमच्याची खात्री आहे," ते म्हणाले. साठ पायऱ्या म्हणजे साठ संवत्सरं, प्रभव, विभव, शुक्ल अशी. अण्णा प्रत्येकाला त्याच्या जन्माच्या संवत्सराच्या पायरीवर उभं करायचे. माझं सिद्धार्थी, त्रेपन्नावं. मी धापा टाकत तिथे पोचले. "आतां खालीं पाहा," ते म्हणाले. "हें सर्व तुमच्यावांचून चाललें होतें. आतां वर पाहा. हेंही चालेल." माझा नुकताच हेड ऑफिसशी मोठा तंटा झाला होता आणि दोन रात्री झोप नव्हती. त्या पायरीवर मला इतकं हसू आलं, की खाली बसावं लागलं.

मग समुद्र. त्यांनी मला महामहमच्या तळ्यावर नेलं. चारी बाजूंनी पायऱ्या, कडेला छोटे मंडप, मध्ये हिरवं स्थिर पाणी.

"हे तळं आहे," मी म्हटलं.

"समुद्र म्हणजे काय? नद्या मिळतात तो. नव्हे काय? येथें नऊ नद्या येऊन मिळतात. गंगाही येते."

"बारा वर्षांतून एकदा!"

"भरती कधीं यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न," अण्णा म्हणाले. "तुमच्या समुद्रास धीर नाहीं, दिवसांतून दोनदां येतो."

मी पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले.

त्यांच्या उजव्या हाताची खरी परीक्षा झाली ती नागपूरच्या त्या जोडप्याच्या वेळी. कसलासा उत्सव होता, मीही रिक्षात होते. गर्दीमुळे देवळाभोवतालचे रस्ते त्या दिवसापुरते एकेरी केले होते, आणि बाण नेमका उलटा, म्हणजे देव डाव्या हाताला. अण्णांनी अडथळ्यापाशी रिक्षा उभी केली. मागे हॉर्न वाजायला लागले. पोलीस शिट्टी फुंकून हाताने सांगतोय, की निघा. अण्णा खाली उतरले, बाणाकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं. मग परत बसले, रिक्षा जागच्या जागी गोल फिरवली आणि मागचा गिअर टाकला.

आम्ही तोंड इकडे करून तिकडे निघालो. रिक्षा बाणाप्रमाणे चालली होती, पण उलटी, आणि त्यामुळे देव उजव्या हातालाच होता. नागपूरचे गृहस्थ "अहो, अहो" करत दांडा धरून बसले. त्यांची बायको हसून हसून डोळे पुसत होती. फुलवाल्या उठून उभ्या राहिल्या. पोलीस शिट्टी तोंडात तशीच ठेवून आमच्याबरोबर पळत होता.

त्याने शेवटी गाठलंच. तमिळमध्ये जे बोलणं झालं ते अण्णांनी मला मागाहून सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की आता मला ते तमिळमध्येसुद्धा पाठ आहे.

"शुद्धीवर आहेस का? उलटी गाडी चालवतोस?"

"सामी, गाडी तुमच्या बाणाप्रमाणें चालली आहे. तोंड देवाप्रमाणें आहे. दोघांपैकीं कोणाचा अपमान झाला तें सांगा."

पोलिसाने आधी बाणाकडे पाहिलं, मग देवळाकडे. त्याच्याही कपाळाला भस्म होतं. मग म्हणाला, "मागे बघून चालवलीस आणि कोणी चाकाखाली आलं तर देव जामीन राहणार नाही. इंजिन बंद कर. ढकलत ने. ढकलायला माझी ना नाही." अण्णांना ते पटलं. कोणाला लागेल हा विचार आपल्या डोक्यात कसा आला नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली, आणि आम्हा तिघांना खाली उतरवलं. उरलेली दीड बाजू आम्ही रिक्षा ढकलत नेली, उलटी. माझ्या शाखेतले तीन खातेदार वाटेत भेटले. तिघांनीही हात जोडून नमस्कार केला, आणि मी रिक्षा ढकलता ढकलता मानेनेच परत केला. सोमवारी बँकेत माझा वट वाढलेला होता.

मी हे सगळं आईला फोनवर सांगायची. आई म्हणजे छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. देवाधर्माशी तिचं भांडण नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. तिला अण्णांच्या गोष्टींचं वेड लागलं. एकदा मी फोन त्यांच्याच हातात दिला, तर तिने त्यांना विचारलं, "तुमच्याकडे मोजण्यासारखं काय आहे?"

अण्णांनी तिला नाचियार्कोविलचा दगडी गरुड सांगितला. वर्षातून दोनदा, मार्गळीत आणि पंगुनीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष आणि फाल्गुनाच्या आसपास, त्याला गाभाऱ्याजवळून बाहेर काढतात. निघताना चौघं उचलतात. पुढे येईल तसा तो जड होत जातो. चौघांचे आठ लागतात, आठांचे सोळा, सोळांचे बत्तीस. परत आत जाताना तसाच हलका होत जातो.

"दर वेळी दुप्पट?" आईने विचारलं.

"दर वेळीं."

"मी येऊन मोजणार," आई म्हणाली.

ती ऐंशीला आलेली. एक डोळा गेल्यातच जमा होता. दुसऱ्याचं ऑपरेशन मुंबईला ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की राहिलेली नजर टिकवायचा प्रयत्न करू, वचन देत नाही. ती तारीख मिळायला पाच महिने लागले होते. गरुड निघायचा दिवस नेमका त्या तारखेच्या दोन दिवस आधी. त्याच रात्रीच्या गाडीने चेन्नईला जायचं आणि सकाळचं मुंबईचं विमान पकडायचं, याखेरीज काही बसत नव्हतं. भावाने तिला खूप समजावलं. ती म्हणाली, "नंतर दिसेलच याची खात्री कोण देतंय? मला दिसतंय तोवर मोजू दे."

आठवडाभर आधी ती आली. अण्णांना ती 'अहो गाडीवाले' म्हणायची, ते तिला 'मोठ्या बाई'. पहिल्या दिवशी ती त्यांचं बोलणं कान देऊन ऐकत राहिली आणि माझ्या कानात म्हणाली, "हा माणूस माझ्या आजेसासूबाईंसारखा बोलतो गं. त्यांचाच धाक वाटतो मला." स्वामिमलैला तिची पायरी पार्थिव संवत्सराची निघाली, एकोणिसावी. गुडघ्यांना तेवढीच झेपली. तिथे बसून ती अण्णांना म्हणाली, "बघा, गणितात नशीब लागतं."

गरुडाच्या दिवशी आम्ही बॅगा बरोबर घेऊनच निघालो. अण्णांनी घोकून ठेवलं होतं, की साडेसहाला नाचियार्कोविलहून हललं म्हणजे गाडी सापडते. चारलाच जाऊन त्यांनी समईवाल्याच्या दुकानाशेजारी, गोपुराच्या दारासमोर पन्नास पावलांवर रिक्षा लावली. आई मागच्या सीटवर. मी आणि अण्णा दोन बाजूंच्या पायठेवणीवर उभे, टपाला धरून. पाच वाजले. समोर माणसांची भिंत झाली. आईला पाठीच पाठी दिसत होत्या, त्याही धूसर. "काही नाही," ती म्हणाली, "बाहेर आला की उंच असेल. मला बाह्यरेषा दिसली तरी पुरे. माणसं तुम्ही मोजा, मी ताळा बघते."

सहा वाजले. गरुड आला नाही. आतून निरोप येत होते, की अजून वेळ आहे. नागस्वरम् वाजून थांबलं, पुन्हा सुरू झालं. सव्वासहा. आई दर दोन मिनिटांनी विचारायची, "आला?" आणि आम्ही म्हणायचो, "येईल आता." मी घड्याळ बघत होते. इतक्या लांब आलेली आई मोजल्याशिवाय परत जाणार, आणि परवाच्या ऑपरेशननंतर काय ते कोणालाच माहीत नाही. सहा वीसला ती म्हणाली, "राहू दे. चला. आपलं चुकलं, आपण वेळेला जागा कमी ठेवली." तिचा आवाज अगदी साधा होता. मला तेच सहन होईना.

"थांबा, मोठ्या बाई," अण्णा एकदम म्हणाले. "पडदा सरला."

आई ताठ बसली.

"गरुड दिसतो. काळा. मोठा. पंख पसरलेले आहेत. चौघे आहेत खांद्यास. दोन पुढें, दोन मागें."

"चारच ना? नीट मोजा हं."

"चारच. आतां उंबरा ओलांडला. पुढचा डावा वांकला... खांदा बदलतो आहे. आणखी चौघे घुसले. आठ."

आईने मांडीवर दुसरं बोट मिटलं. मी टाचा उंचावून दाराकडे बघत होते. दारात केळीचा घड घेतलेला एक माणूस उभा होता आणि उपरण्याने वारा घेत होता. बाकी काही नव्हतं. मला वाटलं, अण्णांच्या बाजूने दिसत असेल. मी वाकून त्यांच्याकडे पाहिलं. ते दाराकडे बघतच नव्हते. आईच्या बोटांकडे बघत होते.

"सोळा," ते म्हणाले. कपाळावरचं गंध घामाने खाली उतरलं होतं. "पाठी ओल्या झाल्या, बाई. मानेच्या शिरा दिसतात. आतां सोळांसही पेलेना. बांबू आणले, आडवे घातले. बत्तीस. बत्तीस झाले, बाई. गरुड डोलतो आहे."

आईने चौथं बोट मिटलं. "बरोबर," ती म्हणाली. "दुप्पट." आणि माझ्या आईने, जिला मी कधी कुठल्या मूर्तीपुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं, समोर बघत हात जोडले.

स्टेशनापर्यंत अण्णांनी तोंड एकदाही मागे वळवलं नाही. अशी रिक्षा मी कधीच अनुभवली नव्हती. बॅगा डब्यात ठेवून ते आईला "बरें होऊन या" एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

ऑपरेशन चांगलं झालं. नजर वाढली नाही, पण होती तेवढी टिकली. पंधरा दिवसांनी मी परत आले तेव्हा स्टेशनावर अण्णा नव्हते. घरी गेले तर बायको म्हणाली, "रोज पहाटे नाचियार्कोविलास जातात. मोकळी रिक्षा देवळाभोंवतीं फिरवतात. एकशें आठ करावयाच्या आहेत म्हणून सांगतात. तुम्ही तरी विचारा."

दुपारी ते बँकेत आले. माझ्या टेबलासमोर न बसता उभे राहिले.

"मी लटिकें बोललों, बाई. देवाच्या दारांत, देवाचें नांव घेऊन. तेंही ज्या बाईस पुढें दिसेल कीं नाहीं ठाऊक नाहीं, तीस. एकसष्ट झाल्या. एकशें आठ करूनही उतरेल असें वाटत नाहीं. मज फोन लावून द्या, मी खरें सांगतों."

मी म्हटलं, आधी मी बोलते. जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या जिन्यात उभी राहून मी आईला फोन लावला आणि आडवळणाने सुरुवात केली. तिने मला पुढे बोलूच दिलं नाही.

"अगं, मला माहीत आहे. चाराचे बत्तीस त्याने चार मिनिटांत केले. उत्तर आधी पाठ असलेली मुलं पायऱ्या अशाच भराभर लिहितात, छत्तीस वर्षं तपासल्या आहेत मी. आणि देव बाहेर आला तर एवढी गर्दी हूं की चूं करणार नाही होय?"

"मग तू हात कोणाला जोडलेस?"

"त्याला," आई म्हणाली. "दुसरं होतं कोण तिथे?"

मी जिन्यात बसून रडले. हसलेही. शिपाई पाणी घेऊन आला.

"त्याला मात्र कळू देऊ नकोस मला कळलं म्हणून," आई पुढे म्हणाली. "त्याला निरोप दे, की जातानाचं मी मोजलं. येतानाचं राहिलंय. बत्तीसचे सोळा, सोळाचे आठ. अर्धं गणित तपासून मी मार्क देत नाही. पंगुनीत येते."

अण्णा बाहेर रिक्षापाशी उभे होते. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी तो दोनदा ऐकून घेतला. त्यांचा चेहरा आधी उजळला, मग काळजीत पडला, मग पुन्हा उजळला. फोन लावा असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. किक मारायला वाकले आणि वाकल्या वाकल्याच थांबले.

"येऊं द्या. सकाळींच जाऊन बसूं," ते म्हणाले. "आणि बाई, मोठ्या बाईंस सांगा, परतीचें तिकीट दुसऱ्या दिवसाचें काढावें."